एका भिंतीचा फरक

वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांची तुलना म्हटली की शाळेच्या प्रयोगशाळेत दोन काचपट्ट्या ठरलेल्या असतात. एकीवर कांद्याच्या मांसल पापुद्र्याच्या खोलगट बाजूची साल, आयोडीनचा थेंब टाकून पिवळसर केलेली. दुसरीवर गालाच्या आतून टूथपिकच्या बोथट टोकाने खरवडलेला ओशट थर, मिथिलीन ब्लूने निळा केलेला. कव्हर स्लिप तिरकी धरून सुईने हळूहळू टेकवायची, जास्तीचं पाणी टिपकागदाने शोषून घ्यायचं आणि डोळा नेत्रभिंगाला लावायचा. घाई झाली तर हवेचा बुडबुडा अडकतो. मग जाड काळ्या कडेचं ते सुबक वर्तुळ पेशी समजून वहीत काढलं जातं, कारण खऱ्या पेशीपेक्षा ते कितीतरी ठसठशीत दिसतं. नीट जमलं तर कांद्याच्या सालीत लांबट चौकोनांची सलग मांडणी दिसते आणि प्रत्येक चौकोनात कडेला सरकलेला एक ठिपका. गालाच्या पट्टीवर मात्र सुटे, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले, कडा दुमडलेले निळसर तुकडे विखुरलेले असतात आणि प्रत्येकाच्या साधारण मध्यावर गडद निळा ठिपका. त्याच भिंगाखाली कांद्याची पेशी गालाच्या पेशीच्या चार-पाच पट लांब भरते. ही जोडी सोयीची आहे; कांदा कुठल्याही घरात मिळतो आणि गाल ज्याचा त्याच्यापाशी असतो. पण सोयीपायी आपण दोन्हीकडून आवरणच उचललेलं असतं. कांद्याची साल जिवंत आणि शेजाऱ्यांसकट निघालेली, गालाच्या पेशी झडायला आलेल्या, कित्येक तर संपलेल्याच. एवढ्या पुराव्यावर दोन सृष्टींमधला फरक सांगायचा तर जपून सांगायला हवा. माझं म्हणणं असं की या दोन पट्ट्यांवर खरोखर दिसणारा फरक एकच आहे, भिंतीचा. बाकीचे बहुतेक फरक तिच्याच पोटातून निघतात. आणि दोन्ही पेशींमधलं साम्य, जे या सगळ्याहून मोठं आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, विचाराने गाठावं लागतं.

पाठ्यपुस्तकातलं कोष्टक याच्या अगदी उलट वागतं. मधे उभी रेघ, डावीकडे वनस्पतिपेशी, उजवीकडे प्राणिपेशी, आणि एकाखाली एक मुद्दे: भित्तिका असते, नसते; हरितलवकं असतात, नसतात; रिक्तिका मोठी, लहान; केंद्रक कडेला, मध्यभागी; आकार ठरावीक, अनियमित; सेंट्रिओल नसतात, असतात. प्रत्येक मुद्द्याला सारखाच गुण, म्हणून प्रत्येक मुद्दा सारख्याच तोलाचा. आता हे कोष्टक हातात घेऊन पुन्हा त्या सालीकडे पाहावं. कांद्याच्या या सालीत हरितलवकं नसतात. कंदाचे पापुद्रे अन्न साठवतात, बनवत नाहीत. म्हणजे वनस्पतीची खूण म्हणून दुसऱ्या क्रमांकावर पाठ केलेली गोष्ट नेमक्या त्याच वनस्पतीत सापडत नाही, आणि तरीही वहीतल्या आकृतीत ती हिरव्या पेन्सिलीने निमूटपणे काढली जाते. रिक्तिका दिसते असं आपण म्हणतो, पण न रंगवलेल्या सालीत ती नुसती रिकामी जागा असते. केंद्रक कडेला का गेलं याचा तर्क करूनच ती ओळखायची. पेशीपटलाची गोष्ट आणखी गमतीची. त्याची जाडी सात-आठ नॅनोमीटर, आणि उत्तमातल्या उत्तम प्रकाश-सूक्ष्मदर्शकालासुद्धा साधारण दोनशे नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. अंबाल्याहून आलेल्या शाळेतल्या साध्या यंत्राची तर गोष्टच सोडा. गालाच्या पेशीभोवती जी रेघ दिसते ती त्या पेशीची कड असते. पटल म्हणून आपण बाण काढतो तो शिकवलेल्या गोष्टीकडे असतो, पाहिलेल्या नव्हे. खळखळ न करता दिसते ती एकच वस्तू: कांद्याच्या पेशींना चौकोनी ठेवणारी ती जाड, दुहेरी वाटावी अशी रेघ. सेल्युलोजची भिंत.

या भिंतीचं काम काय, हे समजायला पाण्यापासून सुरुवात करावी लागते. पेशी कुठलीही असो, तिच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं विरघळलेली असतात, आणि बाहेर साधं पाणी असेल तर ते पटलातून आत शिरू पाहतं. गालाचा किंवा रक्ताचा मामला असेल तर यात धोका आहे. तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या की त्या फुगतात आणि फुटतात; म्हणूनच दवाखान्यात शिरेतून नुसतं पाणी देत नाहीत, ०.९ टक्के मीठ असलेलं सलाईन देतात. कांद्याची पेशी त्याच साध्या पाण्यात फुटत नाही. पाणी आत येतं, रिक्तिका फुगते, पेशीद्रव्य आणि केंद्रक कडेला दाबलं जातं, आणि तो सगळा दाब भिंत पेलते. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन वातावरणांचा दाब असतो. वनस्पतीच्या पेशीत तो त्याच्या दोन-तीन पट सहज असू शकतो. पालेभाजीची जुडी पाण्यात ठेवल्यावर तरतरीत होते ती या दाबाने, आणि चोचवलेल्या काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटून ती लुळी पडते तीही हाच दाब गेल्यामुळे. आता कोष्टकाचे तीन मुद्दे पुन्हा वाचावेत. मोठी रिक्तिका कशी परवडते? भिंत आहे म्हणून. केंद्रक कडेला का? रिक्तिकेने ढकललं म्हणून. आकार ठरावीक का? आतून दाब आणि बाहेरून भिंत, मधल्या पेशीला दुसरा आकार घ्यायची सोयच नाही म्हणून. तीन गुणांचे तीन मुद्दे होते, कारण मात्र एक निघालं.

उजव्या बाजूचंही तसंच. भिंत नसलेल्या पेशीने पाण्यात फुटायचं नसेल तर दोनच उपाय. एक तर अमीबासारखं आत शिरलेलं पाणी संकोची रिक्तिकेने सतत बाहेर फेकत राहायचं, नाहीतर पेशीभोवतीचं पाणीच कायम बेताच्या खारटपणाचं ठेवायचं. माणसाने दुसरा उपाय धरला. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण जराही ढळू नये म्हणून दिवसरात्र चालणारी मूत्रपिंडं हा गालावरच्या त्या भिंतहीन पेशीचाच खर्च आहे. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात उत्सर्जनसंस्था वेगळ्या प्रकरणात येते आणि पेशी वेगळ्या, त्यामुळे हे नातं सहसा कुणी दाखवत नाही.

भिंत नसणं हा मग तोटाच, असं वाटेल. तसं नाही, आणि याचा उत्तम पुरावा त्याच गालाच्या पट्टीवर पडलेला असतो. मिथिलीन ब्लू दिल्यावर त्या निळसर तुकड्यांवर बारीक बारीक गडद ठिपके दिसतात. ते तोंडातले जिवाणू. त्यांनाही भिंत असते, पदार्थ वेगळा पण काम तेच. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगच्या नजरेला आलेलं पेनिसिलीन मारतं ते या भिंतीच्या बांधकामावर घाव घालून: वाढत्या जिवाणूला भिंत पुरी करता येत नाही, पाणी आत शिरतं आणि तो फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, त्यामुळे त्या घावाला लागण्यासारखं तिथे काही नसतं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीन या देशात बनू लागलं, तेव्हा लाखो माणसं ज्या औषधाने वाचली त्याची करामत नेमकी ‘भित्तिका नसते’ या अर्ध्या गुणाच्या ओळीवर उभी होती.

भिंत नसलेल्या पेशीला आणखी एक गोष्ट करता येते, आणि माझ्या मते साऱ्या प्राणिजीवनाचं मूळ तिथे आहे. तिला गिळता येतं. अमीबा छद्मपाद पसरून भक्ष्याला वेढतो, पांढऱ्या रक्तपेशी जिवाणूंना वेढतात. १८८२ साली इल्या मेचनिकॉव्हने सिसिलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि फिरत्या पेशी त्याच्याभोवती गोळा होताना पाहिल्या. रोगप्रतिकाराच्या अभ्यासाची एक मोठी शाखा तिथून फुटली. भिंतीआडची पेशी हे करूच शकत नाही. वनस्पतीच्या देहात फिरते पहारेकरी नाहीत. ज्या पेशीवर हल्ला होतो तिनेच आपला बचाव करायचा. स्नायूसारखं आकुंचन नाही, चेतापेशीसारखं लांबवर हात पसरणं नाही. लाजाळूचं पान मिटतं तेव्हाही देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींतलं पाणी झटकन बाहेर जातं आणि दाब उतरतो. हालचाल प्राण्याची वाटते, पण यंत्रणा भिंतवाल्यांचीच. जगदीशचंद्र बोस यांनी या झाडातले विद्युत्संदेश मोजले आणि वनस्पतींना चेतासंस्थेसारखं काहीतरी आहे असं मानलं. संदेश खरे होते. संदेशानंतर हलतं ते मात्र पाणी.

पेशीचं विभाजनही याच हिशेबात बसतं. प्राणिपेशी बाहेरून आत आवळत जाते आणि दोन होते. वनस्पतिपेशीला भिंत आवळता येत नाही, म्हणून ती मधोमध नवा पडदा बांधायला घेते आणि तो कडेपर्यंत नेते. झाडाला गाठ येते, तिला कारण होणारा जिवाणू १९०७ मध्ये स्मिथ आणि टाउनसेंड यांनी दाखवून दिला, पण त्या गाठीतली पेशी सुटून झाडभर हिंडत नाही. कर्करोगाचं प्राण्यांमधलं सर्वांत भीषण रूप, म्हणजे त्याचं पसरणं, वनस्पतींच्या वाट्याला त्या तऱ्हेने येत नाही. राहता राहिले सेंट्रिओल. उच्च वनस्पतींत ते नसतात असं कोष्टक सांगतं, आणि फुलझाडांपुरतं ते खरंही आहे. पण नेच्यांच्या आणि बंगल्याच्या दारात शोभेला लावतात त्या सायकसच्या पुंपेशी पोहतात, त्यांना कशाभिका असतात आणि त्यांच्या बुडाशी सेंट्रिओलचीच नऊनऊच्या जुळणीची रचनाही असते. या पोहणाऱ्या पेशींना भिंत मात्र नसते. भिंत उतरली की पोहण्याची साधनं पुन्हा हजर होतात. याहून बोलका पुरावा मला तरी माहीत नाही.

आता इतिहासाकडे वळतो, कारण ही भिंत शास्त्रज्ञांच्याही वाटेत दोनदा आडवी आली. रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या ग्रंथात बुचाच्या कापाचं चित्र छापलं तेव्हा त्याने पाहिल्या त्या फक्त भिंती. आतलं जिवंत द्रव्य केव्हाच वाळून गेलेलं होतं. त्याने हिशेब करून बुचाच्या एका घनइंचात अशा सव्वाशे कोटींहून अधिक खोल्या असाव्यात असं लिहिलं. तेव्हापासून पाऊणे दोनशे वर्षं वनस्पतींची पेशीमय रचना माहीत असूनही प्राण्यांचा देह पेशींचा आहे असं ठामपणे म्हणता येईना. सूक्ष्मदर्शकं वाईट होती हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की सगळे भिंत शोधत होते आणि मांसात भिंत सापडत नव्हती. तिथे तंतू दिसत, कण दिसत, पडदे दिसत, खोल्या दिसत नसत. रॉबर्ट ब्राऊनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत केंद्रक नेमकेपणाने दाखवलं. मॅथिआस श्लायडेनने १८३८ मध्ये वनस्पतींच्या घडणीत त्या केंद्रकाला मानाचं स्थान दिलं. बर्लिनमध्ये एकदा जेवताना त्याच्याकडून हे ऐकल्यावर थिओडोर श्वानला आठवलं की बेडकाच्या पिल्लाच्या पृष्ठरज्जूत आपण असाच ठिपका पाहिला आहे. १८३९ साली त्याचं पुस्तक आलं आणि प्राणी व वनस्पती एकाच घटकाचे बनलेले आहेत हा विचार रुजला. इथे थोडं थांबायला हवं. श्वानने सुरुवात कुठून केली? पृष्ठरज्जू आणि कूर्चा यांपासून, म्हणजे प्राणिदेहातल्या अशा ऊतींपासून की ज्यांतल्या पेशी ठळक चौकटीत बसलेल्या असतात आणि काचेखाली बऱ्याचशा झाडासारख्या दिसतात. साम्याचा शोध लागला तोही आधी दिसण्याच्याच आधाराने. पण तिथून पुढे जायला श्वानने भिंतीचा हात सोडून केंद्रकाचा धरला. पीस, नख, डोळ्याचं भिंग, स्नायू, जिथे जिथे वाढीच्या पहिल्या अवस्थेत केंद्रक दिसेल तिथे पेशी आहे असं तो धरून चालला. नव्या पेशी कशा बनतात याबद्दल श्वान आणि श्लायडेन दोघेही चुकले, त्या द्रवातून स्फटिकासारख्या धरतात असं त्यांना वाटे. रेमाक आणि फिरखो यांनी १८५० च्या दशकात ते दुरुस्त केलं. आणि भिंत पेशीला मुळी आवश्यकच नाही, केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा म्हणजे पेशी, हे बॉनच्या माक्स शुल्त्सेने स्पष्ट मांडलं ते १८६१ साली. हूकपासून मोजलं तर जवळजवळ दोनशे वर्षं लागली. आणि हाच फरक आपण मुलांना पहिल्या ओळीत, साम्याच्या आधी शिकवतो.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. खरा फरक भिंतीचा नाही, हरितलवकाचा आहे, असं कुणी म्हणेल. स्वतःचं अन्न सूर्यप्रकाशात बनवता येणं ही वनस्पतीची ओळख. भिंत वगैरे नंतरचा थाट. दिसण्यापेक्षा जगण्याकडे पाहिलं तर यात तथ्य आहे, आणि मी ते नाकारत नाही. बसल्या जागी अन्न बनत असेल तरच भिंतीआड बसणं परवडतं. पण हरितलवक आणि भिंत या दोन गोष्टी निसर्गात एकमेकींपासून सुट्या मिळतात, आणि सुट्या मिळतात तिथेच कुठल्या गोष्टीमुळे काय घडतं ते कळतं. बुरशीला भिंत आहे, कायटिनची, आणि हरितलवक नाही. ती कशी जगते? गिळता येत नाही म्हणून विकरं बाहेर सोडते, पावाचा तुकडा बाहेरच पचवते आणि विरघळलेलं शोषून घेते. रेणूंच्या वंशावळीत बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची निघाली आहे, आणि तरीही भिंतीमुळे तिचं सारं जिणं झाडासारखं बैठं. उलट बाजूला युग्लीना: हरितलवकं आहेत, सेल्युलोजची भिंत नाही, आणि ती कशाभिका हलवत डबक्यात मजेत पोहते, अंग आखडते, पसरते, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र दोघांनीही तिला आपापल्या पुस्तकात घेऊन ठेवलं ते उगीच नाही. बांडगुळांत अमरवेल आहे, तिच्यात हरितद्रव्य जवळजवळ उरलेलं नाही, पण तिची पेशी काचेखाली पाहून कुणी तिला प्राणी म्हणणार नाही. आणखी एक. हरितलवक मुळात आलं कुठून? त्याला स्वतःचा डीएनए आहे, ते स्वतः दुभंगून वाढतं, त्याची घडण निळ्या-हिरव्या जिवाणूंशी जुळते. लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये नव्याने मांडलेली आणि आज सर्वमान्य झालेली उपपत्ती अशी की एका पूर्वज-पेशीने असा जिवाणू आत घेतला आणि पचवला नाही. ज्या पेशीने तो आत घेतला तिला त्या वेळी काही आत घेता येत होतं. घट्ट भिंतीत कोंडलेल्या पेशीला ते जमणं अवघड. म्हणजे वनस्पतींचं हिरवेपण हीसुद्धा एका जुन्या गिळण्याची मिळकत आहे.

दुसरा आक्षेप जरा बारीक. प्राण्यांत भिंत नाही म्हणता, मग कूर्चा, हाड, कोलाजेन हे काय आहे? समुद्रातल्या कंचुकधारी प्राण्यांच्या आवरणात तर चक्क सेल्युलोज सापडतं. हे खरं आहे. पण कूर्चेतल्या पेशीचं आयुष्य पाहावं: स्वतः स्रवलेल्या घट्ट पदार्थात ती कोंडलेली असते, हलत नाही, आणि गुडघ्याची कूर्चा एकदा झिजली की सहजी भरून येत नाही हे चाळिशी उलटलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. अपवाद नियमाच्याच बाजूने बोलतो.

मग साम्य कुठे आहे? भिंत काढून पाहिली तर. हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. १९६० मध्ये नॉटिंगहॅमच्या एडवर्ड कॉकिंगने बुरशीपासून मिळवलेल्या विकराने टोमॅटोच्या मुळांच्या पेशींवरची भिंत विरघळवून टाकली. उरलेली पेशी चौकोनी राहिली नाही. ती गोल झाली, साबणाच्या फुग्यासारखी नाजूक झाली, आणि साध्या पाण्यात सोडली तर तांबड्या रक्तपेशीइतक्याच हमखास फुटू लागली. तिला जपायला भोवतीचं द्रावण बेताचं दाट ठेवावं लागलं. ‘आकार ठरावीक’ ही कोष्टकातली ओळ त्या परीक्षानळीत विरघळून गेली. १९७६ साली तंबाखूच्या अशा भिंत उतरवलेल्या पेशी आणि माणसाच्या कर्करोगाच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी एकमेकींत मिसळवण्यात आल्या. पटलं जुळली, आणि माणसाचं केंद्रक तंबाखूच्या पेशीद्रव्यात जाऊन बसलं. त्यातून कुठला जीव जन्मला नाही, जन्मणारही नव्हता. पण दोघींची पटलं एकाच प्रकारच्या मेदाची आहेत आणि मधे भिंत नसेल तर त्या एकमेकींना परक्या नाहीत, एवढं दिसून आलं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं कशी रांगेत येतात हे वाल्थर फ्लेमिंगने सॅलॅमँडरच्या पेशींत आणि एडुआर्ड श्ट्रासबुर्गरने वनस्पतींत एकाच सुमारास, १८७० आणि १८८० च्या दशकांत पाहिलं. दोघांच्या चित्रांतली चौकट झाकली तर नाच एकच आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतुकणिकेचं नुसतं कातरलेलं चित्र हाती दिलं तर ती पालकाची की उंदराच्या यकृताची हे सांगायला चांगला जाणकारही वेळ घेईल.

एका ठिकाणी माझा युक्तिवाद तोकडा पडतो, ते सांगितलं पाहिजे. वनस्पतीच्या एका लहानशा तुकड्यापासून, अनुकूल माध्यमात, पूर्ण झाड उभं करता येतं. जळगावकडच्या केळीच्या बागांत ऊतिसंवर्धनाची रोपं लावतात ती याच गुणावर, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९९० मध्ये बांबूला काचेच्या नळीतच फुलवून दाखवलं तेही यावरच. गालाच्या पेशीपासून माणूस उभा करता येत नाही. हा फरक केवळ भिंतीने समजावता येईल असं मला वाटत नाही. मात्र जॉन गर्डनने बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून पूर्ण बेडूक वाढवला आणि १९९६ मध्ये डॉली ही मेंढी कासेच्या पेशीच्या केंद्रकापासून जन्मली, तेव्हा प्राण्याच्या केंद्रकातही सगळा ऐवज शाबूत असतो हे सिद्ध झालं. शिल्लक दोघांकडे आहे. काढायची मुभा मात्र एकाला सढळ आणि दुसऱ्याला अत्यंत कंजूष, आणि ती तशी का, याच्या उत्तरात भिंत एक वाटेकरी असेल, एकुलती धनी नाही.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा, आणि त्यांच्याशी वाद घालणं मला जड जातं, कारण साठ मुलं आणि दोन सूक्ष्मदर्शक यांच्यात ते उभे असतात. आठवी-नववीच्या मुलांना एवढं कुठे झेपतं, आधी ठळक फरक कळू द्या, बारकावे पुढे शिकतील, असं ते म्हणतात. पण सहा सुटे फरक पाठ करण्यापेक्षा एक फरक धरून त्याचे परिणाम शोधणं सोपं आहे. शिवाय पुढे शिकतील म्हणून जे सोडून देतो ते बहुतेक मुलं कधीच शिकत नाहीत. दहावीनंतर जीवशास्त्राचं तोंड पाहणारी मुलं थोडी. आणि ज्यासाठी मी एवढा खटाटोप मांडला ते पाहायला महागडं काही लागत नाही. कांदा आणि गाल राहू द्या. त्यांच्या जोडीला तिसरी पट्टी ठेवा. शाळेच्या कुंडीत बहुधा असतोच तो ऱ्हिओ, पानाच्या खालच्या बाजूने जांभळा. ती जांभळी साल अलगद सोलून पाण्याच्या थेंबात ठेवा. प्रत्येक चौकट काठोकाठ जांभळी दिसेल, कारण रंग रिक्तिकेतल्या रसात आहे. मग कव्हर स्लिपच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचे दोन थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून ते ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटतो, आत आत सरकतो आणि गोल होत जातो. चौकट जागच्या जागी राहते. तिच्यात आता एक गोळी आहे, आणि त्या गोळीची कड म्हणजे जे पटल कधीच दिसत नव्हतं त्याची जागा. पुन्हा साधं पाणी ओढलं तर बऱ्याच पेशी भरून येतात. शिक्षकांनी त्या क्षणी काही सांगू नये. ही गोळी कांद्यासारखी दिसते की गालासारखी, एवढं विचारावं, आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी कोष्टकाऐवजी हा प्रश्न एकदा घालून पाहावा.